पिंपळपानाची शेपटी

लिहा ताई. सगळ्यात आधी हे लिहा की मी तांबट हाय, भांडीवाला न्हाई. भांडी इकतो तो भांडीवाला, त्याला दुकान लागतं, गादी लागती, मला ऐरण आन हातोडी लागती. आन जरा मोठ्यानं बोला, लाजू नका, उभा जल्म तांब्यावर ठोके घातले की कानातली ताकद निघून जाती, हे आज मी तुमाला उघड सांगतो, पर दोन वरसांमागं कुनी असं म्हनलं असतं तर त्याला मी उंबरा चढू दिला नसता. ते कसं झालं तेच सांगायचंय. पर पयल्यापासनं सांगतो, मधनंच सुरू केलं की भांड्याचा जोड बसत न्हाई तसं बोलन्याचंबी बसत न्हाई.

जल्म माझा भिंगारचाच. बाजारातनं आत वळलं की जो बोळ लागतो त्यात तवा तांबटांची सात घरं हुती. आता एक हाय, ते माझं. सकाळी सात घरांत ठोके सुरू झाले की नवं मानूस कानावर हात ठेवूनच बोळात शिरायचं, पर आमच्या छपरावरची कबुतरं जागची हलायची न्हाईत. उलट दुपारी जेवायला ठोके थांबले की ती दचकून उडायची. खोटं न्हाई सांगत.

शाळा माझी दोन यत्ता आन तिसरीचे चार म्हयने. मास्तर म्हनले, पाटीवर गोल काढा. मी काढला. मास्तर म्हनले, वाटी ठेवून काढलास, आन छडी मारली. मी म्हनलं, वाटी कुठाय ते दाखवा. ते म्हनले, उलट बोलतो, आन दुसरी मारली. मी दप्तर तिथंच ठेवलं, घरी आलो आन बापूला, म्हंजे माझ्या बापाला, म्हनलं मी शाळेत जानार न्हाई. बापू म्हनला, बरं झालं, भाता वढ. बास, तवापासनं वढतोय. आई लई रडली. पर गोल मी आजबी हातानं काढतो, परकार लावून बघा, फरक निघाला तर माझं नाव बदला.

बापूची शिकवन दोन गोष्टींची, तिसरी न्हाई. पयली, भांडं गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी काठोकाठ पाणी भरून कोरड्या राखेवर दिवसभर ठेवायचं. राखेवर एक ठिपका जरी पडला तरी भांडं परत भट्टीला. दुसरी, उघडा काठ ठेवायचा न्हाई. तांब्याचा पत्रा कातरला की त्याचा काठ सुरीवानी असतो, तो आत वळवायचा, वळनात बारीक तार घालायची, आन वरनं असा ठोकायचा की आंधळ्यानं जरी बोट फिरवलं तरी लोन्यावरनं फिरल्यावानी वाटलं पायजे. एकदा मी एका पातेल्याचा काठ तसाच ठेवला. बाजाराचा दिवस, घाई हुती. त्यानं माझं हे बोट धरलं, हे बघा, आन काठावरनं फिरवलं. रगत आलं. म्हनला, तुझं बोट हाय म्हनून नुसतं रगत गेलं, गिऱ्हाइकाच्या बायकोचं असतं तर आपलं नाव गेलं असतं. ताई, त्या दिवसापासनं माझ्या हातनं उघडा काठ बाहेर पडला न्हाई. झोपेतबी माझी बोटं काठ वळवत्यात, असं आमची मंडळी म्हनायची. ती गेली आता. ती असती तर तुमाला चार गोष्टी वाढवून सांगितल्या असत्या.

मंग स्टील आलं, मागनं प्लास्टिक आलं. घागरी गेल्या, हंडे गेले. पाणी तापवायचे बंब गेले, गॅसचे गिझर आले. बोळातली घरं एकेक करून गप झाली, कुनी पुन्याला गेलं, कुनी रिक्षा घेतली. मला सगळे म्हनायचे, तूबी सोड. मी म्हनायचो, तुमी सोडलं म्हनून तांबं काय आटलं का? देवळाचे कळस केले, जुने बंब सांधले, घंगाळाला बूड बसवलं, पर हातोडी खाली ठेवली न्हाई.

कारंज्याचं कसं झालं सांगतो. कोपरगावकडचे एक पाटील आजीचा बंब दुरुस्तीला घेऊन आल्ते. गोदावरीकाठचा ऊसवाला मानूस, नवा बंगला, पुढं बाग. म्हनले, बागेत शिमिटाचं कारंजं घेतोय, कमळ हाय आन दोन हंस हायेत. मी म्हनलं, पाटील, तुमच्या शिवारात कमळ कवा बघितलं? हंस कवा बघितला? म्हनले, न्हाई. मी म्हनलं, मंग दारात खोटं कशाला उभं करता, तुमच्याकडं ऊस हाय, तो उभा करा. पाटील हसाय लागले. मी हसलो न्हाई. त्यांच्याच शेतात जाऊन दोन दिवस बांधावर बसलो, पेरं मोजली, पान कुठं वाकतं, का वाकतं, ते बघितलं, आन मंग तांब्याचं अकरा उसांचं बेट केलं, पुरुषभर उंच. खाली मोटर, वर शेंड्यातनं पाणी जोरात उसळायचं. लोक गाडी थांबवून बघायचे. सहा म्हयन्यांनी मी पुन्हा गेलो तर काय, पाटलांचा गडी चिंच आन मीठ लावून समदा ऊस घासत बसलेला. लख्ख, देवघरातल्या तांब्यावानी. मी म्हनलं, अरं बाबा, काय केलंस? तांबं उन्हापान्यात राहिलं की सोताच हिरवं व्हतंय, देवानं फुकट रंग दिला हुता, तू धुऊन काढलास? तो म्हनला, आबा, मला वाटलं गंजलं.

त्याच्यानंतर कामं येत राहिली. नेवाशाला एका रोपवाटिकेत प्रवरेच्या डोहातलं कासव केलं, कुठं भोपळ्याचा वेल केला, कुठं निवडुंग केला. लोक म्हनायचे कमळ करा. मी म्हनायचो, कमळ करत न्हाई. का? न्हाई करत. जे मी उकिडवं बसून बघितलं न्हाई ते माझी हातोडी करत न्हाई.

आता पोराचं सांगतो. इलास माझा एकुलता, एमआयडीसीत कंपनीत हाय, शिकलेला, सरळ. सून सुनीता, ती पाथर्डीकडची, तिच्याबद्दल मागनं सांगतो. इलासच्या मनात असं की आन्नानं आता भट्टी बंद करावी, पुढची खोली मोबाईल दुरुस्तीवाल्याला द्यावी. मला वाटायचं ह्याला लाज वाटती. पर तसं नव्हतं. एक दिवस तो कामावरनं आला तर सांधायच्या गॅसच्या टाकीची नळी सुटलेली, फुस्स करत हुती, सगळा वास, माझं नाक भट्टीच्या धुरानं कवाच मेलेलं, आन मी तिच्या शेजारी पाठ करून निवांत ठोकत बसलेला. त्यानं टाकी बंद केली आन माझ्या समोर आला. म्हनला, आन्ना, तुमाला ऐकू येत न्हाई. मी म्हनलं, येतंय, तुमीच हल्ली हळू बोलता. मंग तो माझ्या पाठीमागं जाऊन उभा राहिला. थोड्या वेळानं मी अंदाजानं म्हनलं, व्हय व्हय. तो पुढं आला, म्हनला, मी काय बोललो? मी म्हनलं, बापाची परीक्षा घेतोस व्हय रं? तो म्हनला, मी काईच बोललो न्हाई आन्ना.

काय सांगू तुमाला, लई राग आला. त्याचा न्हाई. पर काढला त्याच्यावरच.

त्याच आठवड्यात गायकवाडबाई आल्या. इलासच्या शाळेच्या बाई, आता रिटायर. शुगरनं दोन्ही डोळ्यांची नजर गेलेली, सुनीताचा हात धरून आल्या. अंगनात बुद्धाची मूर्ती बसवलीय, म्हनाल्या, तिच्या शेजारी पिंपळ हवा. मी म्हनलं, बाई, रोप लावा, चार वरसांत डोक्यावर जाईल. त्या म्हनाल्या, तांबटभाऊ, मला दिसत नाही, मला सावली नको, शोभाही नको. मला ऐकायचा आहे.

मंग त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील हितंच नोकरीला, चाळीत घर, चाळीला लागून मोठा पिंपळ, आन पिंपळाच्या वर, चाळीच्या गच्चीवर, पाण्याची टाकी. रोज सकाळी मोटर लावायची, आन टाकी भरून वाहिली की पाणी पिंपळावर पडायचं, ह्या पानावरनं त्या पानावर, टप टप, टप टप, खाली येईस्तोवर शंभर पानं मोजायचं. त्या आवाजानं चाळ जागी व्हायची. बाईंची आई आतनं वरडायची, टाकी भरली गं, मोटर बंद करा. पिंपळ गेला, चाळ गेली. बाई म्हनाल्या, डोळ्यांनी पाहिलेलं सगळं पुसट होत चाललंय, पण हा आवाज तसाच आहे, तो मला अंगणात पाहिजे. सगळीकडची कारंजी ऐकली, ती नुसती सुसाट ओततात. पानावरून पडलेलं पाणी तुम्हाला जमेल का?

इलास बाईंच्या मागं उभा, मला हातानं खुनावतोय, न्हाई म्हना, न्हाई म्हना. तिथंच माझं डोकं फिरलं. मी म्हनलं, जमेल. आन इलासला म्हनलं, बाईंच्या समोर सांगतो, बाई ह्या कामाला नको म्हनल्या तर मी सोता भट्टी इझवीन आन किल्ली तुझ्या हातात देईन, मंग मोबाईलवाला आन नाहीतर पानवाला आन. पर बाई व्हय म्हनल्या तर हा इषय माझ्या मयतालाबी काढायचा न्हाई. इलास म्हनला, कबूल. बाई खुर्चीत ताठ झाल्या, म्हनाल्या, हे बघा, तुमच्या पैजेत मी खोटं बोलणार नाही. मी जन्मात कुणाला फुकट मार्क दिलेले नाहीत, विलासला विचारा. इलासनं मान खाली घातली. गनितात त्याला काय मिळायचं ते सगळ्या बोळाला म्हाईत हाय.

अडीच म्हयने मी त्या कामाला लागलो हुतो. नऊ पानं. प्रत्येक पानाची शीर न् शीर ठोकून उठवली, वर मठारकाम केलं. मठार म्हंजे ठोक्याशेजारी ठोका, एकसारखा, उनात असा चमकतो की पान हललं वाटावं. मधनं तांब्याची नळी, ती खोड, हर पानाशी तिला एक बारीक भोक. खाली घंगाळ, माझ्याच हाताचं, त्यात कूलरची मोटर. पिंपळाच्या पानाला खाली लांब टोक असतं, शेपटीवानी, ते मी आखूड करून गोल केलं, म्हनलं बाईंना दिसत न्हाई, चाचपताना बोटात घुसायचं. आन नऊच्या नऊ पानांना काठ वळवून आत तार घातली. असे काठ झाले ताई, बापू असता तर त्यानं बोट फिरवून मला पाठीवर थाप दिली असती. घंगाळ राखेवर ठेवून बघितलं, ठिपका न्हाई. मोटर लावून बघितली. पाणी वर चढलं, पानापानावरनं चकाकत खाली आलं. सुनीता तवा म्हायेरी लग्नाला गेल्ती, इलास ड्युटीवर. मी एकलाच. डोळ्यानं बघितलं आन म्हनलं, झालं.

रविवारी टेम्पोतनं नेलं. बाईंच्या अंगनात आळीतली मानसं जमलेली, चहा झाला, बाई नवं पातळ नेसून खुर्चीत बसल्या. मी बटन दाबलं. पाणी चढलं, वरचं पान भरलं, खालचं भरलं, सगळा पिंपळ उनात लकाकला, मी छाती काढून उभा. बाई मान वाकवून बसल्या. मी म्हनलं, ऐकत्यात. बराच वेळ झाला. मंग त्यांनी तोंड वर केलं आन बोलल्या. ओठ बघून मला कळलं काय बोलल्या ते. तांबटभाऊ, चालू केलंत का?

मला वाटलं चेष्टा करत्यात. म्हनलं, बाई, कवाचं चालू हाय की. समदी मानसं आपापल्या पायाकडं बघाय लागली. मी इलासकडं बघितलं, तो जितला हुता, पर त्याचं तोंड जितल्यावानी नव्हतं. मंग सुनीता जवळ आली, माझ्या कानाशी तोंड लावून म्हनली, आन्ना, आवाज न्हाई. मोटरीची घरघर तेवढी येतीय.

मी पानाखाली हात धरला. कोरडा. दुसऱ्या पानाखाली धरला. कोरडा. मंग वाकून खालनं बघितलं तवा दिसलं. पाणी काठापोतर येत हुतं, आत वळलेल्या काठाला धरून खाली जात हुतं, पानाच्या फुगीर पोटाला चिकटून खालच्या देठाकडं परत, आन देठावरनं खोडाला धरून गपगुमान घंगाळात. नऊ पानं, आन एक थेंब हवेतनं पडला न्हाई. साठ वरसं ह्या हातांनी पाणी धरायचं काम केलं. सोडायचं कुनी शिकवलंच नव्हतं. कारंजी आधी केली त्यात मोटरच इतकी जोरात हुती की पाणी सोताच उडायचं, काठाला कोन इचारतो.

मी कमरेची किल्ली काढली, इलासच्या हातावर ठेवली आन चालत घरी आलो. शब्द म्हंजे शब्द. दोन दिवस भट्टीकडं फिरकलो न्हाई. ओट्यावर बसलो. कबुतरं सारखी उडायची आन बसायची, उडायची आन बसायची.

इलासनं मोबाईलवाल्याला बोलावलं न्हाई. किल्ली देवापाशी ठेवली. तिसऱ्या दिवशी जेवताना सुनीता भाकरी वाढता वाढता म्हनली, मी काय म्हनते, बाईंनी नको कुठं म्हनलं? इलास म्हनला, म्हंजे? ती म्हनली, पैज काय हुती, बाई नको म्हनल्या तर. बाई नको म्हनल्याच न्हाईत. चालू केलंत का, एवढंच इचारलं. अजून त्यांनी निकाल दिलाच न्हाई.

ताई, इलासचा घास हातातच राहिला. मंग तोच पयला हसला. म्हनला, हिला वकील करायला पायजे हुतं. मी हसलो न्हाई, पर भाकरी दोन जास्त खाल्ल्या. इलास उठला, देवापाशी गेला, किल्ली घेऊन माझ्या समोर बसला आन म्हनला, किल्ली देतो, पर एक कबूल करा. काय करायचं ते तुमाला म्हाईत हाय. मी म्हनलं, काय? तो किल्ली मुठीत धरून माझ्या तोंडाकडं बघत राहिला. लई वेळ. बापूच्या डोळ्यावानी डोळे हायेत त्याचे, हे मला त्या दिवशी दिसलं. मी म्हनलं, मला ऐकू येत न्हाई. त्यानं किल्ली माझ्या हातात दिली. सुनीता म्हनली, गॅसची टाकी रोज मी बंद करीन, आन चुलीकडं वळली.

दुसऱ्या दिवशी मी लोटा घेतला, सुनीताला घेतलं आन ओढ्याकाठच्या पिंपळाखाली जाऊन बसलो. वाकलेल्या फांदीवर लोट्यानं पाणी घालायचं आन बघायचं. जानारे येनारे म्हनायचे, आबा, पिंपळाला पाणी घालायचं तर बुडाला घाला की, पानाला काय घालता? मी म्हनायचो, तू तुझ्या वाटंनं जा. बघितलं काय, पाणी पानावर पसरतं, मधल्या शिरेनं खाली येतं आन त्या शेपटीत उतरतं. शेपटीच्या टोकाला थेंब जमतो, लोंबतो, जड व्हतो आन पडतो. मागं वळत न्हाई. वळायला जागाच न्हाई, टोक सुईवानी बारीक. जी शेपटी मी शहानपना करून छाटली, तिच्यातच समदं हुतं. अडीच म्हयने पान हातात घेऊन बसलो आन ते कशाला तसं हाय हे एकदा इचारलं न्हाई.

मंग नऊ पानं नव्यानं केली. शेपटी हातोडीनं वढत वढत लांब केली, वितीएवढी. काठ उघडा ठेवायचा हुता. ताई, हात तयार हुईना. पत्रा कातरला की बोटं आपसूक काठ वळवाय लागायची. दोन पानं तशीच वाया गेली. शेवटी मी हे बोट काठावरनं फिरवलं, बापूनं फिरवलं हुतं तसंच, रगत आलं, आन मी म्हनलं, बापू, हे भांडं न्हाई, हे पान हाय. आन मंग बारीक कानशीनं घासून घासून काठ बोथट केला, उघडा पर कापनार न्हाई असा. म्हंजे बापूचंबी राहिलं आन पिंपळाचंबी.

राहिला आवाज. तो मला कसा कळावा? एकदा मोटर लावून पान जोडताना दोन्ही हात अडकले म्हनून हातोडीची दांडी दातात धरली, आन तिचं डोकं पानाला टेकलेलं. वरनं थेंब पडला. ताई, जबड्यात कळलं. ऐकू आलं म्हनत न्हाई, कळलं म्हनतो. टक्. मी दुसऱ्या पानाला लावून बघितलं. ठप्. येगळं हुतं! मंग मी समदी पानं दातानं तपासली. बाहेर सुनीता उपड्या पातेल्यावर बसायची, डोळे मिटून, बाईंवानी. पान चांगलं वाजलं की बोट वर करायची, न्हाई वाजलं की नाक मुरडायची. एका पानाला म्हनली, आन्ना, हे मोरीतला नळ गळतोय तसं वाजतंय. ते मी मोडून टाकलं. एक गोष्ट त्यात कळली. तांबं लाल तापवून पाण्यात टाकलं की मऊ व्हतं, आन मऊ तांबं मुकं असतं. ते थंड असताना ठोकत राहिलं, कडक केलं, की मंग बोलतं. म्हनून शेवटचे ठोके समदे थंडपनी घातले. आमी आधी भांडी गप बसावी म्हनून करत हुतो, हे बोलावं म्हनून केलं.

पुन्हा रविवार, पुन्हा टेम्पो. ह्या टायमाला आळी गोळा केली न्हाई. बाई, आमी तिघं आन बुद्धाची मूर्ती. मी बटन दाबलं आन पाण्याकडं बघितलंच न्हाई, बाईंच्या तोंडाकडं बघत राहिलो. आधी काई न्हाई. मंग त्यांनी मान जराशी वळवली, तिसऱ्या पानाकडं. मंग पाचव्याकडं. त्यांचं बोट खुर्चीच्या दांडीवर हलाय लागलं, टप टप, पाण्याच्या बरुबर. मंग त्या मान खाली घालून काहीतरी बोलल्या, ओठ मला दिसले न्हाईत. मी इलासला इचारलं, काय म्हनल्या? तो बाईंकडंच बघत हुता. मी म्हनलं, अरं सांग की, नको म्हनल्या का? तो माझ्या कानाशी आला आन एवढ्या मोठ्यानं वरडला की शेजारच्या गच्चीवरची बाई वाकून बघाय लागली. बाई म्हनत्यात, टाकी भरली गं, मोटर बंद करा!

मी मोटर बंद केली न्हाई.

चहा पिताना इलासनं इचारलं, बाई, मार्क किती? बाई म्हनाल्या, दहापैकी नऊ. मी म्हनलं, एक कुठं गेला? त्या म्हनाल्या, मोटरीची घरघर. आमच्या चाळीतली मोटर लांब होती. लगेच मी माझ्या चपलेचा रबरी तळ कापला आन मोटरीखाली घातला, अनवानी घरी आलो. तरी बाई म्हनल्या, साडेनऊ.

तर अशी गोष्ट हाय ताई. भट्टी चालू हाय, तुमी बसलाय तीच. गॅसची टाकी सुनीता बंद करती, आन आता ती पानांच्या शिरा उठवायलाबी बसती, हात चांगला हाय तिचा, पर तोंडावर सांगत न्हाई, डोक्यावर बसंल. लांबनं लांबनं मानसं येत्यात, आम्हाला आंब्याचं पान करा, केळीचं करा, त्यातनं पडल्याचं ऐकायचंय म्हनत्यात. कमळ करा म्हननारेबी येत्यात. त्यांना मी परत लावतो. दर पंधरा दिवसांनी मी बाईंकडं जातो, हातोडीची दांडी दातात धरून नऊ पानं तपासतो, मोटरीखाली काय काय घालून बघतो, काथ्या घातला, नारळाची करवंटी घातली, परवा जुनी गोधडी शिवून घातली. बाई ऐकत्यात आन म्हनत्यात, साडेनऊच. तो अर्धा मार्क घेतल्याबिगर मी काय मरत न्हाई, हेबी लिहा.

तुमचं भलं होवो, एवढं ऐकून घेतलंत, बोलनाऱ्याला ऐकनारं मिळालं की त्याचं आयुष्य वाढतं. जाताना बाईंच्या फाटकापाशी घडीभर उभ्या राहा. काय ऐकलं ते मला येऊन सांगू नका. ते कसं वाजतं मला म्हाईत हाय. मोटरीची घरघर येती का, तेवढंच सांगा.